पळसाच्या पाण्यापासून चैत्रांगणापर्यंत

होळी जवळ आली की विदर्भातल्या गावांत चाकोल्या थापायला सुरुवात होते. शेणाचा लिंबाएवढा गोळा घ्यायचा, तळव्यावर चपटा करायचा आणि मधोमध बोटाने भोक पाडायचं. कुणी त्याची चांदणी करतं, कुणी चंद्रकोर, कुणी नुसतीच गोल चकती. उन्हात कडकडीत वाळल्या की त्या सुतळीत ओवायच्या आणि पौर्णिमेच्या रात्री ती माळ होळीत टाकायची. थापण्यापासून ओवण्यापर्यंतचं हे काम पूर्वापार पोराटोरांचं. मोठ्यांनी त्यात लुडबूड करायची नसते.

फाल्गुनी पौर्णिमेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतचा काळ दीड महिन्याहून थोडा जास्त. त्यात होळी, रंगपंचमी, पाडवा आणि चैत्रगौर ओळीने येतात. ‘मुलांना सुट्टीत गुंतवायचं कशात?’ हा प्रश्नही घरोघरी याच सुमारास पडतो आणि मग चकचकीत खोक्यांतली क्राफ्टची किट घरात येतात. खरं तर या सणांनी लहानांच्या वाट्याचं काम आधीच बाजूला काढून ठेवलेलं आहे. बहुतेक घरांत ते मोठीच माणसं उरकून टाकतात, एवढंच.

रंगांचंच घ्या. फाल्गुनात पळसाची पानं झडलेली असतात आणि झाड केशरी फुलांनी भरलेलं असतं. झाडाखाली पडलेली फुलं गोळा करण्यात तीन वर्षांचं मूलही तासभर रमतं. ती रात्रभर पाण्यात भिजवली किंवा उकळली की पिवळसर केशरी रंग उतरतो. त्यात चिमूटभर चुना पडला की रंग गडद होतो. हळदीचं पाणी चुन्याने लालभडक होतं, तो तर मुलांना जादूचाच प्रयोग वाटतो. चुना मात्र मोठ्यांनीच हाताळावा, कारण तो डोळ्यांत गेला तर इजा होते. कोरड्या रंगासाठी बेसनात हळद कालवली की भागतं. बीट किसून पाण्यात टाकलं की गुलाबी रंग मिळतो. नाशिकच्या जुन्या भागात रंगपंचमीला रहाडी उघडतात. या दगडी हौदांतल्या रंगीत पाण्यात उड्या मारायला गर्दी लोटते. घरच्या रहाडीला गॅलरीतलं एक टब पुरे.

कोकणात शिमग्याला पालखी घरोघरी फिरते आणि सोंगं निघतात. सिंधुदुर्गात पोरांची टोळकी शबय मागत हिंडतात आणि जमलेल्या पैशांचा खाऊ होतो. गोव्याच्या शिगम्यात ‘घोडेमोडणी’ असते. कमरेभोवती लाकडी घोडा बांधलेले, हातात तलवार घेतलेले नाचे ढोल-ताशांच्या ठेक्यावर पावलं टाकतात. त्याची घरगुती आवृत्ती अगदी सोपी आहे. पुठ्ठ्याच्या खोक्याचा तळ आणि झाकण कापायचं, पुढे पुठ्ठ्याचंच घोड्याचं तोंड चिकटवायचं, मागे लोकरीची शेपूट लावायची आणि खांद्यावरून जातील असे दोन पट्टे बांधायचे. कापाकापी मोठ्यांची, आयाळ रंगवणं, डोळे काढणं आणि मग घरभर उधळणं मुलांचं.

पाडव्याच्या सामानात मुलांचा डोळा साखरगाठीवर असतो. पाकातली साखर घट्ट होत आली की लाकडी साच्यात ओततात. साच्यात आधीच दोरा घातलेला असतो, त्यामुळे पाक आळला की पदकांची माळच बाहेर येते. उकळत्या पाकाजवळ लहान मूल नको, पण गाठी तयार करणाऱ्यांकडे नेऊन लांबून दाखवावं असं हे काम आहे. घरी मुलांनी करावी ती छोटी गुढी. आइस्क्रीमची काडी, खणाचा तुकडा, कडुनिंबाची डहाळी आणि वर पालथा घातलेला कागदी पेला. खऱ्या गुढीशेजारी ती ऐटीत उभी राहते. आंब्याच्या पानांचं तोरण हे पाच वर्षांच्या मुलाला झेपणारं काम. पान पुसायचं, मोजायचं, देठाशी दुमडायचं आणि दोऱ्यात अडकवायचं. कडुनिंब, गूळ, ओवा, हिंग यांची चटणी वाटताना वाटीत एकेक जिन्नस टाकायला दिला, तर तोंड वाकडं करत का होईना, चाटून पाहिली जाते. याच दिवसाला धरून जिल्हा परिषदेच्या शाळा ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ म्हणत पहिलीचे प्रवेश करून घेतात.

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर पाळण्यात बसते, ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. तिच्यासाठी अंगणात काढतात ते चैत्रांगण. मधे गौर, भोवती सूर्य, चंद्र, शंख, कमळ, कासव, नाग, हत्ती, तुळशी वृंदावन, गोपद्मं, शिवाय फणी-करंडासुद्धा. ही चिन्हं एक्कावन्न मानतात. ओळीने सारी काढायची म्हटलं तर मोठ्यांचाही धीर सुटतो. पण रोज दोन चिन्हं वाटून दिली तर जवळजवळ महिनाभर पुरतात. फ्लॅटमध्ये गेरूने सारवलेला पाट किंवा काळा पुठ्ठा चालतो. रांगोळी सोडायला अंगठा आणि पहिली दोन बोटं लागतात, म्हणजे पेन्सिल धरायला लागतात तीच. लहानग्यांना आधी नुसते ठिपके द्यावेत. रेघ पुढच्या वर्षी.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आरास हीसुद्धा मुलांचीच जागा. पायऱ्यांवर खेळणी, बाहुल्या मांडायच्या, कलिंगडाचं कमळ मोठ्यांनी कापलं की त्याच्या बिया वेचायच्या. पन्ह्यासाठी उकडलेल्या कैरीचा गर हाताने कुस्करायचं काम तर त्यांच्या हातून सुटत नाही.

मुलांना असा वाटा देण्याची रीत आपल्यापुरती नाही. मुंबईतल्या पारशी घरांत उंबऱ्यावर भोकं पाडलेल्या डब्या ठोकून रांगोळीचे मासे उमटवतात. जमशेदी नवरोजला, २१ मार्चलाही ते दिसतात. उत्तराखंडात ‘फूलदेई’ला मुलं पहाटे फुलं वेचून घरोघरच्या उंबऱ्यांवर ठेवतात आणि बदल्यात तांदूळ-गूळ मिळवतात. बल्गेरियात १ मार्चला लाल-पांढऱ्या दोऱ्याची ‘मार्तेनित्सा’ मनगटावर बांधतात आणि करकोचा, पाकोळी किंवा बहरलेलं झाड दिसलं की ती झाडाला अडकवतात. शेजारच्या काही देशांतही चालणारी ही प्रथा २०१७ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. दोन रंगांची लोकर आणि खिडकीतून झाड न्याहाळायची सवय, एवढंच भांडवल तिला लागतं.

हाताशी असलेल्या साध्या वस्तूंतून मुलांना गुंतवण्याच्या विचाराला महाराष्ट्रात शास्त्राची बैठक देणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी बालशिक्षणाचं काम उभं केलं. माँटेसरी शिक्षणपद्धतीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. मग शिंपले, खडे, बिया, पानं, माती हीच साधनं झाली. वसंतातलं झाडाखालचं सामान तेच आहे: सावरीचा कापूस, पांगाऱ्याची फुलं, वाळलेल्या शेंगा. निवड तेवढी डोळसपणे करावी. गुंजा दिसायला देखण्या, पण विषारी. कण्हेर, धोतरा आणि रुईचा चीकही दूरच बरा. मूल सगळं तोंडात घालण्याच्या वयाचं असेल तर बारीक बियाही नकोत.

यातल्या बऱ्याच गोष्टींची तजवीज दिवाळीतच करता येते. उरलेली रांगोळी रंगांनुसार बरण्यांत भरली तर चैत्रापर्यंत टिकते. भाऊबीजेच्या साड्या-खणांच्या कातरणी छोट्या गुढ्यांना उपयोगी पडतात आणि मिठाईच्या खोक्यांचा पुठ्ठा घोड्याच्या तोंडाला. एका पिशवीत हे सगळं भरून वर मुलाकडूनच नाव घालून घ्यावं. पळस कुठे फुलतो ते मात्र माघातच हेरून ठेवायला हवं, कारण झाडाखालचा सडा लवकर सुकून जातो.