फुंकर

आलापल्लीत शिरलं की आधी लाल धूळ भेटते. सुरजागडचं लोहखनिज वाहणारे ट्रक गावातून जातात. मला शेतावर नेणाऱ्या फवारणीवाल्या भाऊंनी दुचाकी चालवताना नाकातोंडावर दुपट्टा घट्ट आवळला होता. धुऱ्यावर पोचताच तो सोडला, घाम पुसला आणि डोक्याला गुंडाळला. पुढचे दोन तास दुपट्टा डोक्यावरच होता. भादव्याचं ऊन, गुडघ्यापर्यंत धान आणि पाठीवर भरलेला पंप.

मी आलो होतो एका बाटलीमागे. कृषी केंद्रात युरियाच्या पोत्यांच्या थप्पीशेजारी ती बघितली होती: नॅनो युरिया, अर्धा लिटर. खांद्यावरून पोतं वाहणाऱ्यांच्या मुलखात खत असं खिशात मावेल एवढं झालेलं पाहून नवल वाटलं.

"ह्याच्यात अख्खं पोतं मावते म्हनतेत जी," भाऊ म्हणाले. दिवसभरात हे वाक्य मी तीनदा ऐकलं.

इफ्को या सहकारी खतसंस्थेनं ही बाटली २०२१ मध्ये आणली, ती ४५ किलोच्या पोत्याला पर्याय म्हणून. पोत्यातल्या युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे साधारण वीस किलो. त्या पहिल्या बाटलीत ४ टक्के, म्हणजे जेमतेम वीस ग्रॅम. २०२४ मध्ये २० टक्के नत्राची बाटली आली, तरी हिशेब शंभर ग्रॅमच्या आसपासच थांबतो. इफ्कोचं म्हणणं असं की, २० ते ५० नॅनोमीटरचे कण पान थेट शोषून घेतं, म्हणून थोडं पुरतं. पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या प्रयोगात मात्र भात आणि गहू दोन्हींचं उत्पादन घटलं. अख्खं पोतं मावतं यावर माझा तरी विश्वास बसलेला नाही.

पण पिकाचा वाद बाजूला ठेवू. मला त्या पंपाखालच्या माणसाबद्दल लिहायचं आहे.

भाऊंनी बाटली हलवली, टोपणानं मोजून पंपात ओतली, वर डबकीतलं पाणी भरलं. मग एका पुडीतून कीटकनाशक टाकलं. दोनदा कशाला फिरायचं? काठी हाताशी नव्हती, म्हणून कोपरापर्यंत हात घालून ढवळलं. तिसऱ्या ओळीला नोझल तुंबलं. त्यांनी ते फिरवून काढलं, ओठांत धरलं आणि जोरात फुंकलं. एकदा, दोनदा. तोंड वाकडं करून थुंकले आणि पुढे निघाले.

ती फुंकर अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. पदार्थ इतका बारीक झाला की, त्याच वजनात त्याचा पृष्ठभाग कितीतरी वाढतो आणि शरीराशी त्याची वागणूक बदलू शकते. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेनं २०११ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या बारीक भुकटीसाठी हवेत घनमीटरमागे २.४ मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली. तोच पदार्थ नॅनो आकाराचा असेल तर ०.३. पदार्थ एकच, नुसता आकार बदलला आणि मर्यादा आठपट कडक झाली. युरिया टायटॅनियम नव्हे, तो पाण्यात विरघळतो. त्याला विष म्हणणं खोटं ठरेल. नोझलमधून उडणारा थेंबही कणाहून हजारो पट मोठा असतो. पण तुषारातले अगदी बारीक थेंब वाऱ्यावर रेंगाळतात, वाळतात आणि श्वासात जातात. शिवाय त्या थेंबात एकटं खत नसतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हाही पंप असेच पाठीवर होते आणि तोंडं अशीच उघडी.

भारतानं नॅनो कृषी उत्पादनांच्या तपासणीसाठी २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. मास्क लावा, हातमोजे घाला, अशी सूचना बाटलीसोबत असते. सूचना बरोबरच आहे. एन-९५ मास्क नॅनोकणही अडवतो, कारण इतके हलके कण सरळ न जाता भेलकांडत तंतूंना चिकटतात. फक्त तो चेहऱ्याला घट्ट बसायला हवा. भादव्यात, चिखलात, घामानं भिजलेल्या चेहऱ्यावर तो किती वेळ बसेल, हे ती सूचना लिहिणाऱ्यानं एकदा पंप पाठीवर घेऊन बघावं.

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"औषधाचा वास येते, मंग मानूस जपते. ह्याले त तसा वासच नाही. खतच त आहे जी."

पोतं जड होतं, हात चरचरायचे, औषध घाण मारायचं. अंगच सावध करायचं. ही बाटली हलकी आहे, आणि हलकं म्हणजे निरुपद्रवी असं हाताला आपोआप वाटतं.

पाठीला वारा घेऊन चाला, काठीनं ढवळा, काम झाल्यावर साबणानं हात धुऊनच खर्रा काढा, यातलं काहीच महाग नाही. निघताना मी एवढंच म्हणालो, "भाऊ, नोझलसाठी जुना दातांचा ब्रश ठेवा की खिशात."

ते मोठ्यानं हसले. "ब्रश नोझलले लावला त दात कशानं घासू जी?"

हसतच त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडला, नाकातोंडावर आवळून बांधला आणि गाडीला किक मारली. पुढे रस्त्यावर ट्रकांची धूळ होती.