मानेत रुतलेले उपसू नका

टोळ मासा कोळीवाड्याला नवा नाही. सुईसारखी लांब चोच, तीत बारीक दात, आणि रात्री बत्तीच्या उजेडाकडे पाण्याबाहेर झेप घेण्याची खोड. जानेवारी 2020 मध्ये इंडोनेशियातल्या बुटोन बेटाजवळ होडीतल्या सोळा वर्षांच्या मुलाच्या मानेत अशीच चोच घुसली. मित्राने ती उपसू दिली नाही. मासा मानेत तसाच धरून मुलगा किनाऱ्याला आला. बाउबाऊच्या रुग्णालयात माशाचे धड कापले, चोच मात्र आत राहू दिली आणि त्याला मकास्सरला पाठवले. तिथे पाच तज्ज्ञांनी मिळून शस्त्रक्रिया केली. मुलगा वाचला.

थळ, वरसोली, आक्षी, रेवदंड्याच्या प्रत्येक तांडेलाला ही हकिकत ठाऊक असावी, असे मला मनापासून वाटते. रुतलेली वस्तूच कित्येकदा फाटलेल्या रक्तवाहिनीचे तोंड दाबून धरते. ती उपसली की रक्ताला वाट मिळते. संक्रांतीच्या सुमारास नायलॉन मांजाने दुचाकीस्वाराचा गळा चिरतो, तेव्हा आत काही अडकलेले नसते. तिथे स्वच्छ कापड घेऊन रक्त येते नेमके तिथेच बोटांनी दाबून धरायचे. मानेभोवती पट्टी आवळायची नाही, श्वास कोंडेल.

मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या, श्वासनलिका, अन्ननलिका आणि मज्जारज्जू मानेत काही इंचांत दाटीने बसलेले असतात. त्वचेखालच्या स्नायूच्या पातळ पापुद्र्यापलीकडे जखम गेली, की ती खोल धरायची. 1956 साली अमेरिकेत फोगेलमन आणि स्टीवर्ट यांनी दाखवून दिले, की अशी मान तातडीने उघडून पाहिली तर कमी माणसे दगावतात. त्यानंतर बरीच वर्षे जवळपास प्रत्येक खोल जखम उघडली जाई, आणि पुष्कळदा आत काहीच सापडत नसे. आता आधी लक्षणे पाहतात. रक्ताची धार, वाढत जाणारी सूज, जखमेतून येणारे हवेचे बुडबुडे, ढासळणारा रक्तदाब यांपैकी काही दिसले तर थेट शस्त्रक्रियागृह. रुग्ण स्थिर असेल तर सीटी अँजिओग्राफी.

हे एकट्या डॉक्टरचे काम नव्हे. सूज श्वास बंद करण्याआधी भूलतज्ज्ञाला नळी घालावी लागते. ती जाईना, तर गळ्यातून वाट करायला कान-नाक-घशाचा डॉक्टर शेजारी तयार हवा. रक्त आवरत नसेल तर लघवीची फोली नळी जखमेत सरकवून तिचा फुगा फुगवतात. साधीच युक्ती, पण सर्जनला मोलाची मिनिटे मिळवून देते. अन्ननलिकेचे छिद्र सर्वांत फसवे. पहिल्या दिवशी दुर्लक्षित राहिले, तर पुढे छातीत पू होतो.

अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे आणि 2021-22 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही. तरी गुंतागुंतीच्या रक्तवाहिनीसाठी मुंबई गाठावी लागू शकते. मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला रो-रो 2020 पासून आहे, पण अपरात्री भिस्त 108 च्या रुग्णवाहिकेवर आणि पेण-पनवेलच्या रस्त्यावर. जानेवारी 2024 पासून अटल सेतूने तो थोडा आखडला, इतकेच. म्हणून श्वासाची वाट पक्की करणे आणि रक्त थोपवणे ही दोन कामे अलिबागेतच उरकायला हवीत. गाडी निघण्यापूर्वी पलीकडच्या सर्जनशी बोलणे व्हावे, रक्तगट कळवावा, वाटेत नळीवर लक्ष ठेवणारा माणूस सोबत द्यावा. असे झाले, तर मुंबईच्या रुग्णालयात रुग्ण पोचेपर्यंत टेबल आणि रक्त दोन्ही तयार असेल.