भरतीची जाहिरात आणि हातातला हुन्नर

सैन्यभरतीची जाहिरात निघाली की वाशीम, रिसोड, मंगरूळपीरच्या रस्त्यांवर पहाटे धावणाऱ्या मुलांची संख्या वाढते. १.६ किलोमीटर किती मिनिटांत पूर्ण करायचे, हे प्रत्येकाला तोंडपाठ असते. त्याच जाहिरातीत पदांचा व पात्रतेचा तक्ता असतो. तो मात्र फार थोडे विद्यार्थी शेवटपर्यंत वाचतात. हा तक्ता कसा वाचावा आणि दहावीपूर्वीच का वाचावा, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

सैन्याचे दार आपल्या समाजासाठी सहज उघडलेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारने महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज केले. १९१७ साली १११ महार पलटण उभी राहिली, ती १९२१ मध्ये मोडली गेली. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची उभारणी झाली. १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्या युद्धाला शिपायांइतकीच फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन यांची निकड होती, आणि असे कारागीर घडविणारी तांत्रिक प्रशिक्षण योजना त्यांच्याच खात्याकडे होती. पुढे १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून आजच्या आयटीआय वाढल्या. शस्त्र आणि हुन्नर यांचा संबंध असा जुना आहे.

आता तक्त्याकडे वळू. अग्निवीर भरतीत 'जनरल ड्यूटी' या पदासाठी दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ टक्के गुण लागतात. वाहन चालविण्याचा हलका परवाना असल्यास चालकाच्या कामासाठी प्राधान्य मिळते. 'टेक्निकल' आणि 'ट्रेड्समन' ही नावे ऐकायला जवळची वाटली तरी ती पदे अगदी निराळी आहेत. ट्रेड्समन म्हणजे स्वयंपाकी, शिंपी, धोबी, केशकर्तनकार, सफाई इत्यादी कामे. त्यासाठी आठवी किंवा दहावी उत्तीर्ण असणे पुरते. कोणतेही काम हलके नाही. परंतु ज्या कामांत आपल्या आजोबा-पणजोबांना जातीने अडकवले, ती निवडताना नातवाने पुढचा रकानाही वाचलेला असावा.

तो पुढचा रकाना टेक्निकलचा. त्यासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व इंग्रजी घेऊन बारावी विज्ञान लागते. किंवा दहावीनंतर ठरावीक व्यवसायांतील दोन वर्षांची आयटीआय चालते: मोटार मेकॅनिक, डिझेल मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, फिटर इत्यादी. म्हणजे अकरावीला सोयीची शाखा घेतली, गणित सोडले, की बारावीच्या वाटेने हे दार बंद होते; मग आयटीआयची वाट उरते. नुसते धावून ते उघडत नाही. शिवाय २०२३ पासून धावण्याच्या चाचणीपूर्वी संगणकावरील लेखी परीक्षा होते. पाय मैदानावर पोहोचण्याआधी बुद्धीची कसोटी लागते.

हुन्नराला आज आणखी एक कारण आहे. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत सेवा चार वर्षांची आहे. मूळ रचनेनुसार त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंत जवान कायम होतात; उरलेले सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी घेऊन परततात. त्यांना निवृत्तिवेतन नाही. जाहिरातीच्या ठळक अक्षरांत गणवेश दिसतो. पण चौथे वर्ष संपल्यावर घरी येणाऱ्या बावीस-तेवीस वर्षांच्या तरुणाच्या हाती काय असेल, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा लागतो. कोरडवाहू शेती आणि थोडे कारखाने असलेल्या आपल्या जिल्ह्यात सेवानिधी ट्रॅक्टर, लग्न किंवा घरात लवकर संपू शकतो. डिझेल इंजिन उघडून पुन्हा जोडता येणारा हात मात्र गावातही उपाशी राहत नाही.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. मुलगा नववीत असतानाच मागील वर्षाची जाहिरात त्याच्यासोबत वाचावी. वय, गुण, विषय आणि व्यवसाय या चार गोष्टी वहीत उतरवून घ्याव्यात. पैसे घेऊन भरती करून देतो म्हणणाऱ्याला उंबरठ्यावरूनच परत पाठवावे. भरतीची खरी माहिती सैन्याच्या अधिकृत संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. पहाटेची धाव चालू राहू द्या. तिच्या जोडीला रात्री गणिताचा एक तास असू द्या.