व्हॉल्यूम शून्यावर

"रेस दिली का शिट्टी वाढते?" हा मिस्त्रीचा पहिला प्रश्न. गाडी कोणती, डेक कोणता, सिस्टीमवर किती घातले, ही चौकशी नंतर. या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढचा तास कसा जाणार हे ठरतं, कारण गाडीतल्या नको त्या आवाजांच्या जाती त्याच्या डोक्यात पक्क्या आहेत. रेसबरोबर चढणारी शिट्टी म्हणजे डायनमोची. इंजिन बंद असतानाही येणारी सळसळ म्हणजे अ‍ॅम्पचा गेन वाढवून ठेवल्याची. चावी फिरवताच वूफरमधून येणारा 'धप्प' वेगळा आणि इंडिकेटरबरोबर वाजणारी टकटक वेगळी.

मी त्याच्याकडे गेलो ते झाडीपट्टीच्या नाटकाच्या निमित्तानं. दिवाळी झाली की होळीपर्यंत लाखांदूर, साकोलीकडे गावोगावी मांडव पडतात आणि पहाटे परतणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. अशाच एका परतीच्या प्रवासात नातेवाइकाच्या गाडीत हळू आवाजात गाणी लावली होती आणि गाण्याच्या मागे एक बारीक सूर गिअरगणिक वर चढत होता. सगळ्यांना ऐकू येत होता, पण कोणी काही बोलत नव्हतं. विचारल्यावर गाडीमालक म्हणाला, "सिस्टीम बसवली तेव्हापासून आहे. सवय झाली." पस्तीस हजार रुपये घालून माणूस शिट्टीची सवय करून घेतो, हे काही माझ्या पचनी पडेना. तेव्हाच कळलं, की भंडाऱ्यात एक वायरिंगवाला आहे, दुसऱ्यांनी बसवलेल्या सिस्टीममधले आवाज काढून देतो.

दुकान महामार्गावर, लाखनीच्या दिशेनं. हा पूर्वीचा सहा नंबरचा आणि आताचा राष्ट्रीय महामार्ग 53, नागपूर ते रायपूर. त्यावरून रात्रंदिवस ट्रक वाहतात. पाटीवर बॅटरी, सेल्फ, डायनमो, वायरिंग एवढंच लिहिलंय. म्युझिक सिस्टीमचा उल्लेखच नाही. "ते लिहिलं तर लोक बसवाले येतात. मले बसवायचं नाई, मले काढायचं असते," असं त्याचं म्हणणं. पन्नाशीचा माणूस, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, हाताशी एक अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा.

मी पहिल्यांदा गेलो त्या दिवशी समोर होती एक सेकंडहँड बोलेरो. मालक लाखांदूरकडचा धानाचा व्यापारी. मागच्या सीटखाली अ‍ॅम्प, डिकीत वूफर. शिट्टीची तक्रार केल्यावर बसवणाऱ्यानं आधीच एक 'नॉइज फिल्टर' विकून डेकच्या वायरीत घातला होता. साडेतीनशे रुपयांना. शिट्टी तशीच.

पोरगा स्टिअरिंगवर बसला. इंजिन चालू, डेक चालू, आणि मिस्त्रीनं व्हॉल्यूम शून्यावर आणला. कार ऑडिओच्या दुकानात आपण गेलो की पहिल्यांदा व्हॉल्यूम वाढवून दाखवतात, दाराचे पत्रे थरथरेपर्यंत. इथे उलटं. गाणं बंद, आणि आता ऐका. "दे रेस... सोड... दे." शिट्टी शून्यावरही तेवढीच. त्यानं व्हॉल्यूम थोडा वाढवला, पुन्हा शून्य केला. शिट्टीला फरक नाही. याचा अर्थ त्यानं मालकाला समजावला: आवाज डेकच्या व्हॉल्यूमच्या आधी घुसत असता, तर व्हॉल्यूमबरोबर कमीजास्त झाला असता. तो नंतर घुसतोय. म्हणजे डेकच्या मागच्या पिनांपासून अ‍ॅम्पपर्यंत कुठेतरी. दोन मिनिटांत अर्धी गाडी संशयातून बाद. डिझेल गाडी, त्यामुळे स्पार्क प्लगची टकटकही बाद. मी नंतरही त्याच्याकडे जात राहिलो ते मुख्यतः हा शून्यावरचा खेळ पाहायला.

शिट्टीचं मूळ तसं साधं आहे. ज्याला सगळे डायनमो म्हणतात तो असतो अल्टरनेटर. तो तीन फेजचा एसी करंट तयार करतो आणि त्याच्याच पोटातले सहा डायोड त्याचा डीसी करतात. हा डीसी अगदी सपाट होत नाही, त्यावर बारीक लहर उरते. बारा ध्रुवांचा अल्टरनेटर एका फेऱ्यात अशा छत्तीस लहरी काढतो. इंजिन मिनिटाला 800 फेऱ्यांवर असेल आणि पुलीमुळे अल्टरनेटर त्याच्या अडीचपट फिरत असेल, तर सेकंदाला 1200 लहरी होतात. रेस देऊन 2400 फेऱ्यांवर नेलं की 3600. माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो तो साधारण 2000 ते 5000 हर्ट्झच्या पट्ट्यात. म्हणजे गाडी वेग घेते तसा हा सूर नेमका आपल्या कानाच्या नाजूक जागी येऊन बसतो. एरवी बॅटरी या लहरी बऱ्याचशा गिळते. वायरिंग नीट असेल तर उरलेल्या ऐकू येत नाहीत.

हे दुखणं नवं नाही. 1930 साली शिकागोच्या गॅल्विन कंपनीनं 'मोटोरोला' नावानं मोटारीतला रेडिओ बाजारात आणला, तेव्हाही इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर रेडिओत घुसू न देणं हीच मोठी कटकट होती. अल्टरनेटर मोटारींत रुळला तो 1960 नंतर, क्रायस्लरनं व्हॅलियंटमध्ये दिल्यापासून. त्याआधी खरोखरचा डायनमो असायचा, आपल्याकडे जुन्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये असायचा तसा. यंत्र गेलं, नाव राहिलं.

व्यापाऱ्यानं मध्येच विचारलं, "किती होतीन भाऊ?" उत्तर तयार होतं: "शोधाचे दोनशे. नाई सापडलं तर काहीच नाई." दोनशे. फिल्टरचे साडेतीनशे बिनतक्रार देणारा माणूस दोनशेवर मात्र थबकला. वस्तू हातात मिळत नाही ना.

पुढचा अर्धा तास वगळण्याचा. अ‍ॅम्पच्या पिना उपटल्या, अर्थात आधी सिस्टीम बंद करून. मग मध्यभाग आणि कडं आपसांत जोडलेल्या रिकाम्या पिना अ‍ॅम्पमध्ये घातल्या. शिट्टी गायब. म्हणजे अ‍ॅम्प स्वतः निर्दोष. मग डेकपासून अ‍ॅम्पपर्यंत स्वतःची आरसीए केबल सीटवरून मोकळी टाकली, पॉवरच्या वायरीपासून लांब. शिट्टी परत. म्हणजे केबल कुठून नेली याचा दोष नाही. नंतर डेक बाजूला ठेवून मोबाइलच सरळ अ‍ॅम्पला जोडला. एकदम स्वच्छ. तोच मोबाइल गाडीच्या चार्जरला लावला आणि शिट्टी हजर. पोरगा हसला. त्याला उत्तर कळलं होतं. बॅटरीवरचा मोबाइल गाडीच्या पत्र्याशी कुठेच जोडलेला नसतो. चार्जरला लावला की त्याला दुसरी अर्थ मिळते. दोन अर्थ, दोन जागा आणि त्यांच्यात फरक. शिट्टी त्या फरकावर जगते.

चार्जर हातात आलाच होता, म्हणून मिस्त्रीनं ड्रॉवरमधून खिशात मावेल असा जुना रेडिओ काढला. मीडियम वेव्हवर नागपूर आकाशवाणीच्या 585 किलोहर्ट्झच्या थोडं बाजूला, दोन केंद्रांच्या मधल्या शांत जागी काटा आणला आणि रेडिओ चार्जरजवळ नेला. कर्कश खर्र झालं. वीतभर लांब नेला, कमी झालं. स्वस्त चार्जर किती घाण सोडतो ते दाखवायला एवढं पुरे. याच रेडिओनं तो डॅशबोर्डच्या आतल्या, एलईडी पट्ट्यांच्या वायरीही हुंगत जातो. ही साधी वस्तू महागड्या मीटरला ऐकू येणार नाही ते ऐकवते.

मग मागची सीट उचलली. खाली पावसाळ्यात भिजून पुरता न वाळलेल्या मॅटचा वास आला. त्यात धानाचा कोंडा मिसळलेला. तो वास या कामाशी माझ्या डोक्यात कायमचा जोडला गेलाय. तलावांचा आणि धानाचा हा जिल्हा, इथली गाडी चिखलातून बांध्यांपर्यंत जाते. वरून नवी कोरी दिसणारी सिस्टीम अशा ओलीत बसलेली असते. अ‍ॅम्पची काळी वायर एका बोल्टखाली होती. वायरीच्या टोकाचं थिंबल चकचकीत, बोल्ट घट्ट. मला त्यात काही खोट दिसेना. त्यानं मीटरची एक काडी थिंबलला लावली, दुसरी लांब वायरीनं बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि पोराला गाणं मोठं करायला सांगितलं. मीटरवर 0.4 व्होल्ट.

"शून्य पॉइंट चार," तो मालकाकडे पाहून म्हणाला. मालकाला वाटलं, एवढंसंच तर आहे. हिशोब असा: अ‍ॅम्प वीस अँपिअर ओढत असेल तर 0.4 व्होल्ट पडायला त्या जोडात 0.02 ओहमचा अडथळा पुरतो. चांगल्या जोडात याच्या पावपटही नको. आणि हळू गाण्याच्या वेळी डेकमधून येणारा सिग्नल असतो मिलिव्होल्टांत. त्याच्यापुढे 0.4 म्हणजे फार झालं.

बॅटरीजवळचा फ्यूज काढून त्यानं बोल्ट खोलला. खाली कंपनीचा रंग जसाच्या तसा. थिंबल पत्र्याला टेकलंच नव्हतं, रंगावर बसलं होतं. करंट जेमतेम बोल्टच्या आट्यांमधून जात होता. पॉलिश पेपर घेऊन तो रुपयाएवढी जागा घासत बसला. आधी राखाडी प्रायमर आला, मग पत्रा. तो थांबला नाही. पूर्ण पांढरा चकचकीत होईपर्यंत घासलं, दातेरी वॉशर घातला, थिंबल कसलं, वरून ग्रीस. "सीटबेल्टच्या बोल्टवर अर्थ देऊन ठेवतेत काही काही. जीवाची गोष्ट हाय ते, तिथं हात लावाचा नाई," हे पोराला उद्देशून. मीटर पुन्हा लावला, 0.05.

इंजिन चालू. व्हॉल्यूम शून्यावर. शिट्टी बरीच कमी, पण आहे. मालक म्हणाला, "चालते आता." मिस्त्री म्हणाला, "नाई चालत." पैसे ठरलेलेच होते, जास्त काही मिळणार नव्हतं.

त्यानं डेक बाहेर ओढला, मीटर बीपवर टाकला. एक काडी मागच्या पिनेच्या बाहेरच्या कड्याला, दुसरी डेकच्या पत्र्याला. बीप वाजायला हवा होता. वाजला नाही. काही डेकमध्ये या कड्याच्या वाटेवर तांदळाच्या दाण्याहून लहान फ्यूज असतो, तो गेला होता. का गेला, त्याचं कारण मागच्या बोल्टखाली सापडलं होतं. अ‍ॅम्पला पत्र्यातून परत जायला वाट मिळेना, म्हणून करंट केबलच्या बाहेरच्या जाळीतून डेककडे पळाला आणि तो फ्यूज जाळून गेला. रंग न खरवडण्याचा आळस मागे झाला, भरलं पुढच्या डेकनं. आता डेकच्या सिग्नलला टेकायला जमीनच नव्हती. त्यानं तांब्याची उघडी बारीक तार पिनेच्या कड्याला दोन वेढे देऊन डेकच्या मागच्या स्क्रूखाली दाबली. इंजिन, रेस, शून्य. काहीच नाही. फक्त डिझेल इंजिनाची धडधड, तीही बाहेरून.

ही तार म्हणजे कायमचा इलाज नव्हे, हे त्यानं मालकाला सांगितलं. डेक उघडून तो फ्यूज बदलावा हे बरं. पण निदान पक्कं झालं. साडेतीनशेचा फिल्टर काढून मालकाच्या हातात दिला. सिग्नलच्या वाटेवर लावायचे आयसोलेटर त्याच्याकडेही आहेत, छोटे ट्रान्सफॉर्मर असतात त्यात. शिट्टी अडवतात, पण बरेचसे स्वस्त नग खालचा बेसही खातात. तो ते सगळ्यात शेवटी काढतो. त्याच्या मते ते दुखणं झाकायचं औषध आहे, आणि माझंही मत तेच झालंय.

निघता निघता त्यानं पॉवरच्या जाड लाल वायरीचं टोक ब्लेडनं खरवडून दाखवलं. वरून तांबूस, आत पांढरी. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तेवढ्याच जाडीच्या खऱ्या तांब्यापेक्षा अशी तार बरीच कमी करंट वाहते, आणि विकताना हे कोणी सांगत नाही. पितळी भांड्यांसाठी नाव असलेल्या भंडाऱ्यात भांडं टिचकी मारून घेणारी माणसं वायर मात्र नुसत्या रंगावर घेतात.

पैसे देताना घासाघीस झालीच. दीड तासाचं काम, दोनशे ठरलेले, मालकानं दीडशे पुढे केले. मिस्त्री काही बोलला नाही, हात पुढे केलाच नाही. शेवटी पन्नासची नोट आली. दोनशे. पंक्चरवाला ऐनवेळी बोलावला तर रस्त्यावर यापेक्षा जास्त घेतो. डेक विकणाऱ्याला नफा आहे, वूफर विकणाऱ्याला आहे, फिल्टर विकणाऱ्याला तर बसल्या जागी आहे. शोधणाऱ्याला दोनशे, आणि तेही सापडलं तर. बसवणाऱ्यानं त्या दिवशी पाच मिनिटं पॉलिश पेपर चालवला असता तर यातलं काहीच लागलं नसतं. पण अर्ध्या तासात गाडी मोकळी करायची त्याला घाई, आणि गिऱ्हाइकालाही.

गाडीत सिस्टीम बसवून घेणार असाल तर पैसे देण्याआधी इंजिन चालू ठेवून व्हॉल्यूम शून्यावर आणा आणि रेस देऊन ऐका. अर्थचा बोल्ट कुठे दिलाय ते विचारा, तुमच्यासमोर खोलून दाखवायला सांगा. खाली रंग दिसला तर तिथेच थांबा. आणि एवढं करूनही शिट्टी आलीच, तर ती शोधणाऱ्याशी दोनशेवर घासाघीस करू नका.