अळीला सवय लागली नाही

'नैसर्गिक निवड' ही संकल्पना दहावीच्या मुलांना पाठ असते, समजलेली नसते, असा माझा अनुभव आहे. मी कला शाखेचा. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, म्हणून गल्लीतली मुले विज्ञानाचे पुस्तकही माझ्याकडेच घेऊन येतात. त्यांना दूरच्या बेटांवरचे डार्विनचे पक्षी कशाला सांगायचे? आपल्या बीड जिल्ह्यात कापसाचे बोंड आहे.

2002 साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचे जनुक कापसात घातले की झाड स्वतःच एक प्रथिन तयार करते. ते पोटात गेले की बोंडअळीच्या आतड्याला छिद्रे पडतात व ती मरते. 2006 मध्ये दोन जनुकांचे वाण आले. तरीही 2017 साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात कापूस पोखरला. शेतात डोमकळ्या आणि घरात किडका, कवडी कापूस.

"अळीला औषधाची सवय झाली," असे पारावर म्हणतात. मुलेही तेच लिहितात. घोटाळा इथेच आहे. मी ताटात ज्वारीचे 98 आणि करडईचे 2 दाणे ठेवतो (हे आकडे ताटापुरतेच). ज्वारी म्हणजे बीटीने मरणारी अळी, करडई म्हणजे जन्मतःच न मरणारी. ज्वारी उचलून टाकली की संतती वाढते ती करडईचीच. काही पिढ्यांत ताट करडईने भरते. पण ज्वारीच्या एकाही दाण्याची करडई झालेली नसते.

मेंडेलचा वाटाणाही इथेच भेटतो. बीटीला दाद न देण्याचा गुण बहुधा अप्रभावी. आई-बाप दोघांकडून आला तरच अळी वाचते. म्हणून पूर्वी बीटीच्या पाकिटाबरोबर 120 ग्रॅम बिगर-बीटी सरकीची पुडी मिळे. तिच्या ओळींत साध्या अळ्या वाढाव्यात, त्यांच्या पतंगांशी वाचलेल्यांचा संकर व्हावा आणि पिल्ले पुन्हा बीटीने मरावीत, हा हेतू. आमच्याकडे ती पुडी बांधावरच राहिली. अळीला आयते जेवण कोण वाढणार? कारण समजावून सांगणारे कोणी भेटले नाही.

"दादा, मंग फरदड घेतलीच न्हाई तर?" एका मुलीने विचारले. तिने नेमके ओळखले होते. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटली तर अळीच्या पुढच्या पिढीला खाद्य उरत नाही, कारण ती मुख्यतः कापसावरच जगते. पण फरदडीच्या वेचणीवर गल्लीतल्या कित्येक घरांचा उन्हाळ्याचा किराणा भरला जातो, तिच्याही घरचा.