पडीक म्हणजे निरुपयोगी नव्हे

सरकारी दप्तरात ज्या जमिनीची नोंद ‘पडीक’ अशी होते, ती निरुपयोगी आहे असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. सोलापूर, पुणे, सातारा या जिल्ह्यांच्या पर्जन्यछायेतील माळराने वर्षानुवर्षे या समजुतीला बळी पडत आली आहेत. तेथे गवताखेरीज काही दिसत नाही, तेव्हा तेथे काही नाहीच, असा हा तर्क. वस्तुतः माळाची खरी संपत्ती जमिनीखाली असते.

गवत हवेतील कर्बवायू शोषून आपले अन्न तयार करते व त्याचा मोठा वाटा मुळांकडे धाडते. जुनी मुळे कुजतात आणि त्यांवर असंख्य सूक्ष्मजीव पोसले जातात. या जीवांच्या व जिवंत मुळांच्या श्वसनातून बराच कर्ब हवेत परततो. यालाच मातीचे श्वसन म्हणतात. जो थोडा उरतो, तो मातीच्या कणांना बिलगून दीर्घकाळ टिकतो. अशा संचयातून जगातील जमिनीच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे १५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब साठला आहे. वातावरण आणि सारी वनस्पतिसृष्टी यांतील कर्बाची बेरीजही याहून कमी भरते.

अतिचराई झाली की पवना, मारवेल, शेडा यांसारखी सकस गवते मागे हटतात, कुसळी माजते आणि अखेर उघडी माती उरते. अशा माळाचे श्वसन पुष्कळदा मंदावते. मग कर्ब वाचला, असे कोणी म्हणेल. परंतु तो भ्रम होय. उपाशी माणसाचा खर्च कमी असतो, म्हणून त्याला कोणी काटकसरी म्हणत नाही. मुळांकडून होणारी जमाच आटलेली असते आणि पहिल्या वळवाच्या सरीबरोबर कर्बयुक्त वरचा थर वाहून जातो. माळ नांगरला तर याच्या उलट घडते: माती मोकळी होऊन श्वसन एकाएकी वाढते आणि दीर्घकाळची शिल्लक काही वर्षांत खर्ची पडते. सारांश, केवळ खर्चाची बाजू पाहून खातेवही समजत नाही.

या दृष्टीने वृक्षारोपणाच्या उत्साहाचाही विचार व्हावयास हवा. १ जुलै २०१६ रोजी राज्यात एका दिवसात दोन कोटी रोपे लावण्याची मोहीम झाली. उजाड डोंगरांवर झाडे हवीत, याविषयी दुमत नाही. मात्र जिवंत माळावर खड्डे व चर खणणे म्हणजे गवताची वीण उसवणे होय. त्या विणीवरच धनगरांची मेंढरे जगतात. माळढोकासाठी १९७९ साली सोलापूर-नगर पट्ट्यात अभयारण्य जाहीर झाले, तेही अशाच माळांच्या आधारावर.

उपाय फार खर्चाचा नाही. हिवरेबाजारने चराईबंदी पाळून गवत कापून नेण्याची शिस्त लावली आणि चारा वाढला. सर्वत्र कायमची बंदी नको. बी पडेपर्यंत विसावा व पाळीपाळीने चराई पुरेशी आहे. अर्थात हे नियम मेंढपाळांना विश्वासात घेऊनच ठरले पाहिजेत, अन्यथा माळ राखण्याच्या नावाखाली त्यांच्याच पोटावर पाय येईल. हरवलेला कर्ब मातीत परतण्यास दशके लागतात. तेव्हा पहिली दुरुस्ती दप्तरातच व्हावी: जो माळ गवताने जिवंत आहे, त्याची नोंद ‘पडीक’ म्हणून न होता ‘कुरण’ म्हणून व्हावी.