सेन्सरवरची धूळ : आधी फुगा, मग ब्रश, आणि थांबायचं कुठे

मनमाडहून बोलतोय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी हा एपिसोड थोडा आवरून इथे लिहून ठेवलाय. बोलताना जे "बरं का", "म्हणजे बघा" येतं ते थोडंफार राहिलंय, चालवून घ्या.

आजचा विषय बऱ्याच जणांनी मागितलेला. तुमच्यातले कितीतरी जण फोनवर फोटो काढता काढता जुना डीएसएलआर किंवा मिररलेस घेतात. कोणी दादाचा वापरतं, कोणी सेकंडहँड घेतं. मग एक दिवस अंकाई-टंकाईवर जाऊन निळ्याशार आकाशाचा फोटो काढतात आणि मोठा करून बघतात, तर वर कोपऱ्यात एक करडा ठिपका. लेन्स पुसली तरी ठिपका आहेच. दुसरी लेन्स लावली, तरी तिथेच. मंडळी, ही सेन्सरवरची धूळ.

फोनला हे का होत नाही?

फोनच्या कॅमेऱ्यात लेन्स आणि सेन्सर एकाच बंद डबीत असतात, आपण ती कधी उघडत नाही. मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स मात्र आपण काढतो, बदलतो. त्या दहा-पंधरा सेकंदांत आतली पेटी उघडी पडते. आणि आपलं गाव कसलं, हे तुम्हाला सांगायला नको. पुणे-इंदूर महामार्ग गावातून जातो, ट्रकची रांग संपत नाही. अन्न महामंडळाच्या कोठारांकडे धान्याची ये-जा. जंक्शन असल्यामुळे दिवसरात्र गाड्या. वर एप्रिल-मेचा कोरडा वारा. स्टेशनजवळ किंवा हडबीच्या शेंडीच्या पायथ्याशी उभं राहून लेन्स बदलली, की धुळीला आमंत्रणच.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. धूळ खरं तर सेन्सरवर बसत नाही. सेन्सरच्या पुढे काचेची किंवा स्फटिकाची एक पातळ पट्टी असते, तिला फिल्टर म्हणतात. धूळ त्या फिल्टरवर बसते. म्हणजे आपण साफ करतो तो फिल्टर. पण तो सेन्सरसोबत घट्ट बसवलेला असतो. त्यावर ओरखडा आला तर काम आणि खर्च दोन्ही मोठे.

ठिपका कधी दिसतो, कधी नाही

"लग्नात काढलेल्या फोटोंत काहीच नव्हतं, डोंगराच्या फोटोंतच का?" हा प्रश्न हमखास येतो. उत्तर ॲपर्चरमध्ये आहे.

समजा धुळीचा कण ०.०५ मिलिमीटरचा आहे आणि तो सेन्सरच्या १ मिलिमीटर पुढे बसलाय. एफ-२.८ वर लेन्स सताड उघडी असते. सेन्सरच्या एका बिंदूकडे येणारा प्रकाश त्या १ मिलिमीटरवर साधारण ०.३६ मिलिमीटर रुंद असतो. एवढ्या रुंद झोतापुढे कण किरकोळ ठरतो, अडवतो जेमतेम २ टक्के प्रकाश. एफ-१६ वर तोच झोत ०.०६ मिलिमीटरपर्यंत बारीक होतो. आता कण निम्म्याहून जास्त प्रकाश अडवतो, म्हणून सावली ठसठशीत पडते. हा ढोबळ हिशेब आहे, पण मुद्दा कळतो. लग्नाच्या हॉलमध्ये आपण लेन्स उघडी ठेवतो, डोंगरावर बारीक करतो. धूळ दोन्हीकडे तीच असते.

आधी तपासा, मग हात लावा

कॅमेरा एफ-१६ किंवा एफ-२२ वर ठेवा, आयएसओ १००. मॅन्युअल फोकस करून मुद्दाम फोकस बिघडवा. निरभ्र आकाश, पांढरी भिंत किंवा लॅपटॉपचा कोरा पांढरा स्क्रीन घ्या. फोटो काढताना कॅमेरा हळू हलवला तरी चालेल, उलट बरंच. भिंतीचा डाग पुसट होईल आणि सेन्सरवरचा डाग जागेवर राहील. मग फोटो फोनवर घ्या आणि दोन बोटांनी मोठा करून कोपरा न् कोपरा बघा.

ठिपका सापडला, की तो सेन्सरवर कुठे असेल? लेन्स चित्र उलटं पाडते. कॅमेरा सरळ धरून समोरून आत बघितलं तर वर-खाली उलटतं, डावं-उजवं तसंच राहतं. फोटोत वर डावीकडे ठिपका असेल तर कण सेन्सरच्या खालच्या डाव्या भागात शोधायचा. हे लक्षात ठेवा, नाहीतर भलत्याच कोपऱ्यात ब्रश फिरेल.

एखादाच फिकट ठिपका असेल तर थांबा. स्नॅपसीडच्या हीलिंगने तो एका टिचकीत जातो. एका ठिपक्यासाठी कॅमेरा उघडणं म्हणजे नवी धूळ आत घेणं. साफसफाई करायची ती ठिपके बरेच असतील तेव्हा, किंवा लग्नाच्या आठशे फोटोंत तोच डाग येत असेल तेव्हा.

फुग्याशिवाय ब्रश नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॅनन आणि निकॉनच्या कितीतरी मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय : ब्रश नसलेला ब्लोअर वापरा, ब्रशने ओरखडा येऊ शकतो. मग आपण ब्रशबद्दल का बोलतोय? कारण खास सेन्सरसाठी बनवलेले ब्रश मिळतात आणि पुष्कळ फोटोग्राफर ते वापरतात. पण कंपनीचा इशारा उगाच नाही, त्यामागचं कारण समजून घ्या.

खनिजं किती कठीण हे मोजायचं एक माप आहे, मोह्स. साधी काच त्यावर साधारण ५.५ ला येते. वाळूतला क्वार्ट्झ ७. आपल्याकडचे डोंगर बेसॉल्टचे, अंकाई काय नि हडबीची शेंडी काय. त्या काळ्या पाषाणातलं फेल्डस्पार साधारण ६. म्हणजे आपल्या रस्त्यावरच्या धुळीत काचेपेक्षा कठीण कण असतात. असा कण ब्रशखाली सापडून घासला गेला तर तो खिळ्यासारखं काम करणार. ब्रशचे केस मऊ असतात, अपराधी तो दगडाचा कण.

म्हणून पहिली पायरी रबरी फुगा, म्हणजे ब्लोअर. पंखा बंद करा, फरशी ओल्या फडक्याने पुसून थोडा वेळ जाऊ द्या. बॅटरी पूर्ण चार्ज. डीएसएलआर असेल तर मेनूमधून सेन्सर क्लीनिंगचा पर्याय घ्या, आरसा वर जातो. बल्ब मोडवर हे काम कधीच करू नका. बटणावरचं बोट सरकलं की शटर मिटणार, आणि सेन्सर चालू असल्यामुळे धूळही ओढली जाते. मग कॅमेऱ्याचं तोंड खाली करा, फुग्याची नळी आत न घुसवता दहा-बारा झोत मारा. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचे थेंब उडतात. डब्यातली दाबलेली हवाही नको, तिच्यातला द्रव उडून काचेवर डाग पाडतो.

पुन्हा चाचणीचा फोटो काढा. बऱ्याचदा काम इथेच संपतं.

आता ब्रश

रंगकामाचा, मेकअपचा, की-बोर्डचा ब्रश चालत नाही. सेन्सरचा ब्रश कृत्रिम तंतूंचा असतो आणि त्याची युक्ती स्थिर विजेची आहे. कोरड्या केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, अगदी तसंच. तंतूंतून हवा गेली की त्यांच्यावर विद्युतभार येतो आणि धूळ तंतूंना चिकटून उचलली जाते. काही ब्रशना छोटी मोटर असते. ती फिरवायची कॅमेऱ्याच्या बाहेर, आणि आत नेण्याआधी बंद करायची. आत फिरवलीत तर धूळ सगळीकडे उडेल.

कृती अशी :

१. ब्रशच्या तंतूंवर फुग्याने आठ-दहा झोत मारा. जुनी धूळ उडते, तंतू भारित होतात. तंतूंना बोट लावायचं नाही, बोटाचं तेल थेट काचेवर जातं.

२. उजेड हवा. फोनचा टॉर्च कोणालातरी धरायला सांगा.

३. ब्रश फक्त काचेवर. आजूबाजूच्या भिंतींना लागू देऊ नका. तिथे वंगण असतं, ते ब्रशला लागलं की पुढच्या फटक्यात काचेवर पसरतं. मग कोरड्या ब्रशने ते कधीच निघत नाही.

४. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच फटका. दाब द्यायचा नाही, तंतू जेमतेम टेकले पाहिजेत. कडेला पोचलात की उचला. मागे-पुढे घासायचं नाही, झाडू मारतोय असं समजू नका.

५. ब्रश बाहेर, पुन्हा हवा, पुन्हा एक फटका. असे दोन-तीन. मग कॅमेरा बंद करा, लेन्स लावा, चाचणीचा फोटो.

मिररलेसवाल्यांसाठी दोन शब्द. तुमच्याकडे आरसा नाही, लेन्स काढली की सेन्सर समोरच. काही मॉडेलमध्ये कॅमेरा बंद केल्यावर शटर मिटतं. ती पाती फार नाजूक असतात, मिटलेल्या पात्यांवर ना फुगा मारायचा ना ब्रश. आणि स्टॅबिलायझेशन असलेला सेन्सर तरंगता असतो, म्हणून हात आणखी हलका.

एक स्थानिक फायदाही सांगतो. स्थिर वीज कोरड्या हवेत टिकते. उन्हाळ्यात आपल्याकडे ब्रश झकास चालतो. पावसाळ्याच्या दमट दिवसांत भार लगेच उतरतो, तेव्हा ब्रशकडून फार अपेक्षा ठेवू नका.

थांबायचं कुठे

तीन फटक्यांनंतर ठिपका तसाच असेल तर ती कोरडी धूळ नाही. परागकण असेल, वंगणाचा थेंब असेल, वाळलेला ओलावा असेल. त्याला ओली सफाई लागते, सेन्सरच्या रुंदीचा खास स्वॅब आणि त्यासाठीचं द्रव. सराव नसेल तर ते सर्व्हिस सेंटरचं काम समजा.

माझ्या ओळखीच्या एका मुलाने लग्नाच्या कामासाठी सेकंडहँड कॅमेरा घेतला. आधीच्या मालकाने कुठूनतरी तो "साफ" करून आणला होता, बहुधा कोरड्या कापसाने. प्रत्येक फोटोत एक बारीक तिरपी रेघ. एफ-२.८ वर दिसत नव्हती, म्हणून घेताना कळली नाही. पहिल्याच सीझनला बाहेरच्या, उन्हातल्या ग्रुप फोटोंत ती उमटली. फिल्टर बदलण्याचा खर्च ऐकून तो दोन दिवस बोलला नाही. सेकंडहँड घेणाऱ्यांनो, तो एफ-१६ चा पांढऱ्या भिंतीचा फोटो पैसे देण्याआधी काढा. एवढं जरी या एपिसोडमधून घेतलंत तरी पुष्कळ.

धूळ आत येऊच नये म्हणून

२००३ च्या ऑलिंपस ई-१ पासून कॅमेरे फिल्टर थरथरवून धूळ झटकायला लागले, २००६ मध्ये कॅननच्या ४००डी मध्येही ती सोय आली. तुमच्या कॅमेऱ्यात असेल तर चालू ठेवा. सैल धूळ त्याने पडते, चिकटलेली नाही.

बाकी सवयी साध्या आहेत. लेन्स बदलताना कॅमेरा बंद, तोंड खाली, पाठ वाऱ्याकडे. दुसरी लेन्स आधीच हाताशी, झाकण सैल करून. लेन्सचं मागचं झाकण आणि बॉडीचं झाकण फुग्याने झटकत जा, बरीचशी धूळ तिथूनच येते. आणि गडावर, रस्त्याकडेला, धान्याच्या गाड्यांजवळ लेन्स बदलायचीच नाही. निघतानाच ठरवा, आज कुठली लेन्स.

तुमच्या कॅमेऱ्याचं मॉडेल आणि चाचणीचा फोटो पाठवलात तर पुढच्या भागात त्यावर बोलू. फोटो एफ-१६ वरचाच पाठवा हं!